मागचा जिना

पहिल्यांदा तो दिसला नाही, ऐकू आला.
मारुती रोडवर भडंगाची पुडी बांधून घेताना
माझ्यामागे कुणीतरी चालायचं थांबलं.
थांबण्याचाही आवाज असतो,
गर्दीत तर जास्तच.

घरी येऊन सुकुमारला सांगितलं.
पिवळ्या नखांनी भाकरी मोडत तो म्हणाला,
"सांगली आहे ही, त्रिशला.
इथं सगळेच सगळ्यांच्या मागं असतात."
मला हसू आलं. तेव्हा यायचं.

मग हरिपूरच्या रस्त्याला, चिंचांच्या सावलीत,
एक स्कूटर, दिवा न लावलेली,
माझ्या चालीनं येणारी.
बाईच्या चालीनं स्कूटर चालवणं सोपं नसतं,
सारखे पाय टेकावे लागतात.
मी ते मोजत घरापर्यंत आले.

मग मागच्या जिन्यावर,
जिथं आमची पाण्याची टाकी आहे
आणि माझ्या खोलीची खिडकी,
थोटूक नाही, पानाची पिंक नाही,
फक्त कठड्यावरची धूळ
एका कोपराएवढी पुसलेली.

"भास," सुकुमार म्हणाला.
दुसऱ्या वेळी काहीच म्हणाला नाही.
मिरजेच्या डॉक्टरांचं कार्ड आणून
फ्रिजवर लावलं, आंब्याच्या चुंबकाखाली.
"आणि रात्रीचे ते खुनाचे पिक्चर बंद."
बंद केले.
गोळीनं डोळे मिटतात, कान मिटत नाहीत.

मगदूमकाकू म्हणाल्या, किती जपतो गं तुला.
जपायचाच.
मी न सांगता त्याला माहीत असायचं
राजवाडा चौकात मला कोण भेटलं,
किती वेळ उभ्या होतो,
आणि निळी साडी परत करताना
दुकानदार काय बोलला.
मला वाटायचं, चौदा वर्षं एका ताटलीत खाल्लं की
माणसाला कळत असेल आपोआप.

शनिवारी पारव्यांनी जिन्यावर घाण केली.
धुण्याचं उरलेलं साबणाचं पाणी होतं बादलीत,
ते वरच्या पायरीवरून सोडलं
आणि खराटा उचलला.

पायऱ्या लाल व्हायला लागल्या.

रक्त नव्हतं ते.
सांगलीच्या बाईला एवढं कळतं.
कोरडी हळद फरशीवर दिसतही नाही,
साबण लागला की कुंकवासारखी फुटते.
कितीतरी लग्नांतले पदर मी असे नासवलेत.

पाऊल उमटलं, त्याच्यावर पाऊल, त्याच्यावर.
वर चढणारी. खाली उतरणारी.
आणि खिडकीशी दोन, शेजारी शेजारी,
सगळ्यांत गडद,
बराच वेळ, बऱ्याच रात्री उभी असलेली.

डाव्या टाचेला अर्धा चंद्र.

तो अर्धा चंद्र गणपती पेठेतून
मीच बसवून आणला होता.
दुरुस्तीवाला लोखंडी नाल ठोकत होता,
मीच म्हटलं, नको, रबरी लावा,
फार आवाज होतो.

मार्केट यार्डात सौदे रात्री नऊपर्यंत चालतात
असं मला दोन वर्षं माहीत आहे.
कुणी सांगितलं, तेही माहीत आहे.

खालच्या पायरीवर बसले थोडा वेळ.
शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या,
कुणीतरी पोराला पाढे म्हणायला लावत होतं.
सतराचा पाढा. पोर सारखं एकशे दोनवर अडत होतं.
मी मनात पुढचा आकडा सांगत राहिले.
मग खराटा मारला.
लाल, मग गुलाबी, मग नुसतं पाणी
गटाराच्या जाळीतून गेलं.
खिडकीजवळची दोन पावलं तेवढी राहू दिली.

तो आला. चप्पल काढली.
हात धुतले, कोपरापर्यंत, नेहमीसारखे.
मी चहा ठेवला समोर, साय काढून.

"आज काय केलंस?"
"काही नाही. मागचा जिना धुतला."

कपबशी त्याच्या ओठांपाशी जाऊन थांबली.
मी ऐकलं ते थांबणं.

बराच वेळानं, अगदी मऊ आवाजात,
त्यानं विचारलं,
"कशानं?"