तीनशे ऐंशी

शनिवारी अर्धी रजा टाकून
मी भद्रकालीत वारुंगसे मिस्त्रींच्या दुकानी बसते.
दुकान कसलं, जिन्याखालची जागा,
जळक्या वार्निशचा वास,
आणि भिंतीवर खडूनं लिहिलेले फोन नंबर,
पंखे टाकून पुन्हा न आलेल्यांचे.

पहिल्यांदा आले ती मिक्सर घेऊन.
ते म्हणाले, संध्याकाळी या.
मी म्हटलं, थांबले तर चालेल?
त्यांनी स्टुलावरचा जेवणाचा डबा उचलला.
तेवढीच मुलाखत.

सातपूरला एकोणीस वर्षं मी तक्ते भरतेय.
कोण उघडतं ते, ठाऊक नाही.
मार्चमध्ये एका रकान्यात
मुद्दाम चुकीचा आकडा सोडून पाहिला.
अजून तसाच आहे.
त्याखाली तीन सह्या आहेत.

इथं पंख्याच्या एका कॉइलला वेढे तीनशे ऐंशी.
मशीनचा काउंटर मोडलेला.
दुरुस्त का करत नाही, विचारलं तर
"आधी गिऱ्हाइकाचं,"
आणि पुन्हा ओठांतल्या ओठांत मोजणं सुरू.

परवा हँडल माझ्या हाती दिलं.
दोनशे चौदाला वन्संचा फोन,
"खरंच का गं, नोकरी सोडून पंखे गुंडाळणार?"
हो-नाही करेपर्यंत आकडा निसटला.
अंदाजानं पुढं नेऊ का?
मिस्त्रींनी मशीन थांबवलं,
तार उलटी सोडवायला घेतली.
"अंदाजाचा पंखा पंधरा दिवस फिरतो.
सोळाव्या दिवशी गिऱ्हाईक येतं."

हिशेब मी केलाय, दुसरं येतं काय मला.
घराचा हप्ता एकवीस हजार, अजून सहा वर्षं.
तुम्हाला महिन्याचं काय सुटतं, विचारलं
तर ते चहा गाळत राहिले बराच वेळ.
"उन्हाळ्यात बरं असतं.
थंडीत नाशकात पंखा लावतंय कोण?
मखमलाबादकडच्या बागांतल्या
फवारणीच्या मोटारी येतात, तेवढाच आधार."
मग हसले,
"पोरगा माझा पुण्यात कॉम्प्युटरवर बसतो.
तुम्ही उलट्या निघालात."

एक.
दोन.
तीन.
नखात तांब्याचा बारीक काप,
मोबाइल पर्समध्ये, पर्स खुंटीला.
तीनशे एकोणऐंशीला श्वास धरला होता
हे नंतर कळलं.

टेस्ट लॅम्प लागला.
पंखा आधी कुरकुरला, मग विसरला कुरकुरणं.
शालिमारच्या एका शिंप्याचा होता,
तो घासाघीस करून वीस रुपये कमी देऊन
काखेत मारून घेऊन गेला.
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
मी मात्र तो वळणापर्यंत जाताना बघत राहिले.

राजीनामा लिहून ठेवलाय, चार ओळींचा.
"वैयक्तिक कारणास्तव" खोडून
त्या जागी काय लिहावं ते सुचत नाही.
पाठवेन की नाही, तेही नाही.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या
मार्चचा तो तक्ता उघडला,
आकडा नीट केला.
आता तिन्ही सह्या
पुन्हा घ्याव्या लागतील.