एक्स्चेंजमधला हात

पडदा लाल झाला, आतून भोंगा वाजू लागला,
तेव्हा माझे हात स्कोनच्या पिठात होते.
'संगणक बंद करू नका. या नंबरवर लगेच फोन करा.'
केला.
होकिटिकात जुलैची थंडी, घरात मी एकटी.

आवाज मधाळ. नाव म्हणे डेरेक.
मला मॅडम म्हणाला.
इथे खाटीकसुद्धा 'काय गं नायरी' म्हणतो.
त्यानं नऊ आकडे सांगितले, मी दाबले,
कळांवर पिठाचे ठसे.

मग बाण आपोआप हलायला लागला.
माझे दोन्ही हात मांडीवर,
आणि बाण माझ्या घरात हिंडतोय:
सरपणाची बिलं, पेन्शनची पत्रं,
क्लॅरीचा शेवटचा फोटो, नदीत गुडघाभर, हातात जाळी.
बाण तिथे थांबला नाही.
त्याला कुणाची ओळख असणार?

'आता बँक उघडा, मॅडम.'
उघडली.
'आणि बँकेनं विचारलंच तर सांगा, छपराचं काम काढलंय.
आपलं बोलणं कुणाला कळू देऊ नका.'

तिथे कान टवकारले.
एकोणीस वर्षं ग्रेमाउथच्या एक्स्चेंजमध्ये बसलेय मी,
कानावर हेडफोन, समोर दोऱ्यांचा गुंता.
ऐकायचं नाही हा नियम;
ऐकू यायचंच.
कोण थापा मारतोय ते शब्दाआधी श्वासात कळायचं.
आणि जो तो थापाड्या शेवटी हेच म्हणायचा,
कुणाला सांगू नकोस.

हात उठला. मी उठवला नाही.
भिंतीतली वायर धरली आणि ओढली.
खट्.
तोच जुना आवाज: बोलणं संपलं, दोरी जागेवर.

फोनवर डेरेक ओरडत होता.
मध संपला होता.
त्यालाही ठेवून दिलं.

शेजारच्या टावेराच्या फोनवरून,
कार्डाच्या पाठीवरचा नंबर बघून, बँकेला गाठलं.
पासवर्ड तिच्याच संगणकावर बदलले.
माझा डबा दुकानात गेला, धुऊनपुसून आला.
तोवर चारशे डॉलर गेलेच.
चारशे. आकडा लपवत नाही मी.
आणि स्कोन दगड झाले.

मंगळवारी विणकामाच्या बैठकीत सगळं सांगितलं,
भोंग्यापासून दगडापर्यंत.
हसल्या सगळ्या.
एल्वा मात्र खाली मान घालून टाके मोजत राहिली.
बऱ्याच वेळानं, सुया न थांबवता, म्हणाली,
'माझे अकरा हजार.
मार्चमध्ये.'