चौदावी स्लाइड

माझं सॉफ्टवेअर फार मनमिळाऊ आहे.
चौकटीत मजकूर जास्त झाला तरी कुरकुरत नाही,
गुपचूप अक्षरं बारीक करतं,
अठराची सोळा, सोळाची बारा,
बाकावर आणखी एकाला जागा हवी म्हणून
सगळ्यांनी अंग चोरून बसावं तसं.

चौदावी स्लाइड अमोनियाच्या गळतीची.
तेइतूर विम्याचं बघतो. त्यानं अकरा वाक्यं दिली.
मग पोलिश भाषांतर आलं, ते लांब.
मग रुमानियन, ते त्याहून लांब.
अक्षरं नवावर उतरली.
मी माझ्या रुंद पडद्यावर पाहिलं, कॉफीचा घोट घेतला
आणि म्हटलं, बसलं बाई सगळं.

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
शंभर टक्के लोक उत्तीर्ण झाले.
मला केक मिळाला.

फेब्रुवारीत एक चार्जर द्यायला खाली गेले.
जेवणाच्या खोलीत हॉग्नी,
एकाच हाताचा रबरी मोजा काढलेला,
टॅबलेट हातभर लांब धरलेला,
मग नाकाशी, मग पुन्हा लांब,
सूर न लागणारं अकॉर्डियन जणू.
शेवटी त्यानं तो टेबलावर ठेवला
आणि खिडकीबाहेर बघत बोट टेकवत गेला:
दुसरा पर्याय, चौथा, दुसरा, पहिला.
हिरवी खूण. हिरवी. हिरवी. हिरवी.

'वाचलं नाहीस?'
'मारयूननं पाठ करून घेतलंय. दोन चार दोन एक.'
एकतीस वर्षं तो कॉडचे काटे काढतोय.
'माशातला काटा मला अंधारात सापडतो,' म्हणाला,
'तुझं अक्षर उजेडात सापडत नाही.'

दोन बोटं फाकवून मी ते मोठं करायला गेले,
तर चौकट जागची हलेना,
वाक्यं कडेला कापली गेली,
मधोमध एवढंच उरलं: '…वू नका.'
काय करू नका?
धावू? जेवू? एकमेकांना उठवू?
हॉग्नी हसला. मी नाही.

त्या रात्री सॉफ्टवेअरची ती सोशिक सवय बंद केली.
अक्षर चोवीस. त्याखाली एक पाऊलही नाही.
आणि वाक्यं उतू गेली,
चित्रातल्या माणसाच्या तोंडावर,
'पुढे'च्या बटणावर, पानाबाहेर.

मग तोडायला बसले.
'सदर' गेलं. 'उपरोक्त' गेलं.
'शक्यतो' हा शब्द दोनदा ठेवला, दोनदा काढला.
आमच्या भाषेत एक अक्षर आहे, लिहायचं पण उच्चारायचं नाही;
त्यालाही चोवीसची जागा द्यावी लागते.
ते मुकं अक्षर मला कधी एवढं जड झालं नव्हतं.

तेइतूरचा फोन: 'सातवं वाक्य कोर्टात लागतं.'
मी विचारलं, गळतीपासून कोर्ट किती लांब आहे?
तो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, निदान एका बटणामागे तरी ठेव.
ठेवलं. सगळी अकरा, तिथे, शांत.

समोर उरलं ते हे:

वास आला की बाहेर पडा.
मागच्या दाराने.
वाऱ्याकडे तोंड करून चाला.

सोमवारी हॉग्नीनं टॅबलेट मीठदाणीला टेकवला,
हात मांडीवर. ओठ हलत होते.
पोहोचला. थांबला. पुन्हा पहिल्या ओळीवर गेला.
'हे चूक आहे,' म्हणाला.

माझ्या पोटात गोळा आला.

'मागच्या दाराशी वारा एका बाजूनं येतच नाही.
डोंगरावर आपटतो, परत फिरतो.
तोंड कुठं करायचं?'

दोन वर्षं, एकशे चाळीस माणसं,
सगळी उत्तीर्ण,
आणि चूक आहे असं म्हणणारा हा पहिला.

मी कोट चढवला.
मागच्या दाराशी आम्ही दोघं उभे राहिलो.
त्यानं टोपी काढून हातभर वर धरली, सोडली.
ती आधी समुद्राकडे गेली,
मग, खरंच, आमच्याकडे.