धूर

तक्रारवहीत मिठारीबाईंनी तीनदा लिहिलं होतं,
'गगनबावडा शाखा. रात्रीचा बॅकअप अडकतो. नेट रडतंय.'
रडतंय म्हणजे किती, कधी, कुठल्या वळणावर,
ते वहीत कुणी लिहीत नाही.

म्हणून शाहूपुरीत, पतसंस्थेच्या जिन्याखालच्या खोलीत,
भंगारात निघालेला संगणक पुसून घेतला,
डेबियन चढवलं,
आणि चहा यायच्या आत स्मोकपिंग मागवलं.
फाइलीत एका अधिकचिन्हाखाली तालुका, दोहोंखाली शाखा:
कळे, साळवण, गगनबावडा.
दर पाच मिनिटांनी वीस हाका.
पहिल्यांदा चाललंच नाही.
एफपिंगचा पत्ता चुकला होता,
शिवाय एक अधिकचिन्ह कमी.
यंत्रं असल्या गोष्टी फार मनाला लावून घेतात.

हाक जाते आणि येते.
निरोप नाही, मजकूर नाही,
'आहेस?'
'आहे.'
मधे गेलेल्या मिलिसेकंदांची हिरवी रेघ होते.
विसांतल्या काही लवकर, काही रेंगाळत आल्या
की रेघेभोवती करडा धूर चढतो.

धूर वाचायला मला कुणी शिकवायला नको.
वडणग्याला माझा मामा गुळव्या होता.
काहिलीकडे पाठ करून, धुराड्याकडे बघत
चुलवाणाशी बसलेल्याला ओरडायचा,
'चिपाडं वली हाईत रं, खाली बघ.'
काळा धूर म्हणजे ओलं जळण.
पातळ धूर म्हणजे आता कुणी बोलू नका, पाक येतोय.
मिलिसेकंद त्याला ठाऊक नव्हता,
पण काहील उतरवायला एक श्वास उशीर झाला
तर अख्खं आधण काळं पडतं,
हे त्याच्या हाताला ठाऊक होतं.

चार रात्री मी बघत बसलो.
अठ्ठावीस, एकोणतीस, अठ्ठावीस,
आणि पावणेअकराला गगनबावड्यावर धूर,
चारशेपर्यंत.
साडेअकराला खाली बसायचा.
शुक्रवारी मात्र नाही.
केबल कुजली असती तर तिनं वार बघितला नसता.

पाचव्या रात्री फोन लावला.
वॉचमन रसूल मुजावर. मागं एक तुटका आवाज,
'अब्बा? अब्बा, आवाज येतोय?'
'पोरगी हाय सायेब, मस्कतला. नर्स हाय.
ह्या टायमाला तिची जेवायची सुट्टी.
शुक्रवारी घरनं बोलतो, दिवसा.
नेटाला काय झालंय का?'
'काही नाही,' म्हटलं, 'सहज, लाइन बघत होतो.'

क्रॉनमध्ये बॅकअपची वेळ
अकरावरून रात्री एकवर नेली.
पावणेअकरा ते साडेअकरा
इशारा वाजू नये अशीही सोय केली.
वहीत लिहिलं, 'तक्रार निकाली.'
कारणाचा रकाना मिठारीबाई दोनदा विचारून गेल्या.

काल मंगळवार.
पावणेअकराला रेघ सरळ.
अठ्ठावीस.
अकरा वाजले. अठ्ठावीस.
कुठं धूर नाही, विसांतली एक हाक हरवलेली नाही,
यंत्राच्या लेखी एवढी चांगली रात्र महिन्यात झाली नव्हती.
मी फोन उचलला, ठेवला,
मस्कतात किती वाजले असतील ते बोटांवर मोजलं,
परत उचलला.