तिसरी पाळी, राख-बंधारा

कोराडीच्या मागे नळातून राख येते
पाण्यात कालवून. पाणी निथरून गेलं की उरते
करडी, मऊ, कुणाच्याच सातबाऱ्यावर नसल्यासारखी जमीन.
तिथे चार नंबरच्या पंपावर
मी सहा वर्षं रात्रपाळी केली.

उजाडताना राख दवाने ओली असते,
तिच्यावर सगळं उमटतं:
टिटवीची बोटं, धामण सरपटल्याची ओढ,
माझ्याच बुटांचे कालचे आळशी ठसे.
आणि एक रेघ. सरळ,
सुईने टाके घालत नेल्यासारखी.

"कुत्रं असं नाई चालत," कुमरे म्हणाले.
"कुत्र्याले घाई नसते, ते हुंगत हुंगत जाते.
हे पाय पाहा. मागचा पुढच्याच्या जागेवर.
कोल्हा आहे बाप्पा. आन् एकटा नाई."

खाली बसून पाहिलं.
रेघ एक होती आणि चालणारी माणसं दोन.
माणसं म्हणालो. राहू दे तसंच.

बाद झालेल्या लाइनीतला एक गंजका पाइप
त्यांनी घर म्हणून घेतला होता.
चैत्रात आत चार पिल्लं झाली, काळपट, घुशीएवढी.
ती आतच असायची. तो जायचा
नांद्याच्या वाडीकडे, गळलेल्या संत्र्यांखाली,
खापरखेड्याच्या मच्छीबाजारामागे,
आणि पहाटे यायचा तोंड रिकामं घेऊन.
मला वाटायचं, आजही काही मिळालं नाही बिचाऱ्याला.

मग पिल्लं त्याच्या ओठांचे कोपरे चाटायची
आणि तो वाकायचा,
रात्रभराची सगळी कमाई
पोटातून त्यांच्यापुढे ओतायचा.

मी दर महिन्याच्या सात तारखेला भिवापूरला पैसे पाठवतो.
बटण दाबतो.
वाकावं लागत नाही.

शिवाय एक तिसरी होती,
गेल्या वर्षीची लेक, डावा कान फाटलेला.
वयात आली होती, कुठेही जाऊ शकली असती.
नाही गेली. आईबाप बाहेर पडले की
पाइपाच्या तोंडाशी पाय दुमडून बसायची
आणि चौघं मिळून
तिच्या शेपटीची वाताहत करायची.

गोष्टींमधला लबाड कोल्हा मी खूप शोधला.
मला दिसली ती पाळीच. न संपणारी.

दहाला भोंगा व्हायचा.
तो विरायच्या आत बंधाऱ्यावरून उत्तर यायचं:
आधी त्याचा लांब सूर, त्यावर तिचा,
मग लेकीचा, आणि शेवटी पिल्लांचा
चिरक्या सनईसारखा गोंधळ.
कुमरे डब्याचं झाकण लावत म्हणायचे,
"हजेरी झाली. चला."

पौषात राखेच्या हायवाखाली तो गेला.
मी पाहिलं नाही. कुमऱ्यांनी पाहिलं,
पोतं घेऊन गेले, फावडं घेऊन गेले,
परत आल्यावर हात खूप वेळ धूत राहिले.

सकाळी रेघ तशीच होती, सरळ,
फक्त उथळ.
एकेका ठशात
एकच पाय पडला होता.

त्या रात्री भोंगा झाला आणि नुसता विरला.
दुसऱ्या रात्रीही.
पंपाचा आवाज किती मोठा आहे
हे मला सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं.
कुमरे डबा उघडून बसायचे, झाकायचे नाहीत.

किती रात्री गेल्या मोजल्या नाहीत. थंडी मोडत आली होती.
अचानक पाइपाच्या बाजूने एक सूर निघाला,
मध्येच फाटला, पुन्हा निघाला.
फाटक्या कानाची.
तिच्यावर आईचा. मग दोघांचा, मग सगळ्यांचा.

आणि भोंगा अजून झालाच नव्हता.

कुमऱ्यांनी मनगट दिव्याखाली धरलं.
"दाहाले दोन कमी," म्हणाले,
थोडं थांबून किल्ली ओढली,
काटा दोन मिनिटं पुढे सरकवला
आणि डब्याला झाकण लावलं.