वरचं

खानापूरच्या ऑफिसात माझं काम एवढंच:
इंग्रजी कागद कन्नडात करायचा,
आणि जांबोटीकडच्या लोकांनी मागितला तर मराठीत.
मागतातच.

सतराव्या पानावर शब्द आला, ओव्हरबर्डन.
कन्नडात तेगूर सरांनी सांगून टाकलं: मेल्मण्णु,
वरची माती. झालं.
मराठीचा रकाना मोकळा राहिला.
'अतिभार' लिहिलं आणि खोडलं.
अतिभार तर मला आहे,
डोंगराला कुणी दिला?

तेगूर सर जमिनीचे डॉक्टर, धारवाडचे.
बशीत बिस्किटं रचून समजावतात:
"हे सगळ्यात खालचं, बॉक्साइट. हे पाहिजे.
ह्याच्यावर जे काय असेल ते सगळं ओव्हरबर्डन.
त्याची चूक काही नाही बाई,
ते वर आहे, एवढंच."
मग वरची चार बिस्किटं
चहात बुडवून एकेक खाल्ली.

पठारावर गेले होते मी, मोजणीच्या दिवशी.
वर होतं ते असं:
करवंदीच्या जाळ्या, कुंभ्याचं एक वाकडं झाड,
गव्याचं वाळलेलं शेण,
सातेरीच्या नावाचं वारूळ, त्याला हळद,
आणि ठकू झोरेच्या म्हशी, ज्या कुठल्याच पानावर नव्हत्या.
ठकूला मी माझं मराठी वाचून दाखवलं: "वरचं ओझं."
ती म्हणाली, "कुणाला झालंय ओझं?
खालचा दगूड बोलला व्हय तसं?"

हे मी मिनिट्समध्ये घातलं नाही.

खाणीला एक हिशेब असतो.
एक टन काढायला दोन टन बाजूला, परवडतं.
तीन, बघू.
पाच झाले की खाण बंद.
संध्याकाळच्या बसमध्ये, खिडकीची काच सारखी खाली घसरत असताना,
मी माझा हिशेब मांडला:
सासूबाईंची शुगर, दिराच्या जामीनकीवर माझी सही,
लेकीला कन्नडात एकोणीस मार्क,
शहापूरच्या घराचं पाणी आठ दिवसांनी एकदा, तेही पहाटे तीनला.
डॉक्टर सबनीस म्हणाले होते, लोड घेऊ नका.
जणू मी बाजारातून पिशवीत घालून आणला.

एका रविवारी, तांदूळ निवडता निवडता,
मनातल्या मनात सगळं उपसून बाजूला ठेवलं.
सासूबाई एकीकडे, सही एकीकडे, हंडे, कळश्या, प्रगतीपुस्तक.
खाली काही चकाकेल असं वाटलं होतं.
लग्नाआधी मी पेटी वाजवायची, ती तरी.
तीही सापडली नाही.
तांबूस काहीतरी होतं, भुसभुशीत,
सासूबाईंच्या पायाला लावते त्या तेलाचा वास येणारं.

पास्कू फर्नांडिस पोकलेन चालवतो.
त्याला विचारलं, बॉक्साइट ओळखतोस कसा?
खोऱ्यातून दोन ढेकळं उचलून
दोन्ही हातांवर धरली त्यानं. दोन्ही लाल.
"ही पण मातीच, मॅडम.
हिला गिऱ्हाईक हाय. हिला न्हाई."
आणि कोणती कोणती ते न सांगताच
दोन्ही टाकून दिली.

पान एकोणीसवर असं आहे
की काढलेलं ओव्हरबर्डन वेगळं जपून ठेवावं,
काम संपल्यावर त्याच क्रमानं परत पसरावं.
त्याच क्रमानं.
आधी शाडू, मग मुरूम, मग माती,
मग करवंद, वारूळ, हळद?
मग म्हशी?
विचारलं तेगूर सरांना.
म्हणाले, वाक्य जसं आहे तसं उतरवा.

उतरवलं.
सतराव्या पानावरचा रकाना मात्र अजून मोकळाच आहे.
उद्या बारापर्यंत कागद बेळगावला जायचाय.
पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवलंय, 'वरचं',
आणि त्याच्यापुढे ओझं लिहायला सोडलेली जागा,
जिथं ठकूनं अंगठा उठवलाय,
चुकून,
सहीची रेघ खाली होती.