डावं दार

शिनोळी फाट्याच्या आत, काजूच्या झाडाखाली
ती उभी होती. पांढरी, तेरा वर्षांची.
उजवीकडून बघावं तर लग्नाला निघालेली,
डावीकडून, मांडवातून भांडून परतलेली.

दस्तगीर आधी कुणाशी बोललाच नाही.
बोटाच्या पेरानं टकटक करत गेला मागून पुढं:
"हे लोखंड. हे पण लोखंड.
हितं पट्टी. हितं बी पट्टी, कवातरी आधीच मारलीया कुणीतरी."
खिशातलं चुंबक काढून पत्र्यावर सोडलं.
ते चिकटलं, सरकलं,
आणि डाव्या दाराच्या मधोमध
टप्पकन मातीत पडलं.

निंगोजी गावडे म्हणाले, "इंजिन बघा की. इंजिन कोण बघतच नाही."
इंजिन खरंच चांगलं होतं.
वाईट वस्तूतली चांगली गोष्ट
माणसाला फार अडकवते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी लायसन काढलंय मी.
सोसायटीत गावाचे हप्ते माझ्या अक्षरात असतात,
म्हणून वहीच्या मागच्या पानावर मांडलं:
गाडी पंच्याण्णव. डेंटिंग-पेंटिंग अठ्ठावीस.
नवं दार घातलं तर वर अकरा,
जुन्या बाजारातलं घातलं तर रंग जुळंना.
आणि नंबर महाराष्ट्राचा.
दाखला तिकडून आणायचा, टॅक्स इकडं भरायचा,
मधल्या दिवसांत गाडी कुणाची, ते कुणी सांगत नाही.
तीनदा बेरीज केली, तीन उत्तरं आली.

फोनवर हे म्हणाले, "फुकट दिली तरी घेऊ नको.
आणि घेतलीसच तर रात्रीची आण."

मागच्या महिन्यात शोरूममध्ये नवीही बघून आले होते.
दारावर हात ठेवला, तर पोरानं
माझ्यामागून फडकं फिरवलं.
त्या रात्री झोप नाही. न पडलेल्या ओरखड्यासाठी
मी कॅम्पातल्या सगळ्या गल्ल्या टाळत होते.
हिला ते भय नाही.
व्हायचं ते हिला होऊन गेलंय.

पण होताना?

"डाव्या बाजूला कोण बसलं होतं?" मी विचारलं.
निंगोजींनी काजूच्या झाडाकडं बघितलं.
दस्तगीरनं चुंबक पुसायला घेतलं, पुसण्यासारखं काही नव्हतं.
"कोण नाही. रताळ्याची पोती होती,
बेळगावच्या मार्केटला. वळणावर ट्रक घासला."
असं कुणीही म्हणेल.
मीही म्हटलं असतं.

मी वाकले, सीटखाली हात घातला.
तांबडी माती. एक बिस्किटाचा कागद. सुतळी.
आणि अगदी आत, रुळाला टेकून, सुरकुतलेलं एक रताळं,
त्याला वीतभर कोंब, पांढरा,
दाराच्या फटीकडं वळलेला.

काही बोलले नाही. हात झटकला.
"पंच्याऐंशी," म्हटलं.
ते म्हणाले नव्वद, दस्तगीर म्हणाला चहा सांगा,
चहा संपेपर्यंत सत्त्याऐंशी झाले
आणि दोन हजार इसार दिला, सुट्ट्या नोटांत.

"रंग कुठला मारू, ताई?"
"रंग नको. दार आतून उघडू दे आणि बाहेरून लागू दे.
बाकीचं पगार झाल्यावर."
त्याचा चेहरा पडला. कारागीर आहे तो.
खड्डा तसाच सोडायचा म्हणजे
त्याला शिवी दिल्यासारखंच.

दार काथ्यानं बांधून उद्यमबागला निघालो.
तो माझ्या डाव्या हाताला, एक हात दारावर,
बाची येईपर्यंत काहीतरी पुटपुटत होता,
माझ्या गिअरसाठी असावं.
हिंडलग्याच्या उतारावर काथ्या सुटला.
मागून एक मोटारसायकलवाला जवळ आला, ओरडला,
"अक्कार, बागला तगदैती!"

माहीत आहे, म्हटलं मी,
कुठल्या भाषेत ते आता आठवत नाही,
आणि दोन्ही हात स्टेअरिंगवरच ठेवले.